काळी वाळू निवडताना

सराफ बाजारातली गटारं धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी लहानपणी पाहिले होते. सोनं निघालं की उरलेला गाळ ते फेकून देत. भूविज्ञानाला आल्यावर कळलं, नदीच्या वाळूतून सोनं काढल्यावर परातीच्या तळाला राहणारी काळी वाळूही अशीच टाकली जाते, आणि तिच्यात कधी कधी कथलाचं, टंगस्टनचं खनिज असतं.

ही काळी वाळू निवडायला नवख्यानं हात बसवायचा तर आपली सीना नदी बरी. तिच्यात सोनं नाही, पण बेसाल्ट खडक झिजून आलेला मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं काळं लोहखनिज, भरपूर. तो एकदा डोळ्यात बसला की परका कण खटकतोच.

जुन्या स्पीकरचा चुंबक मी आधी उघडाच वाळूत फिरवला आणि चिकटलेले कण खरवडत अख्खी दुपार घालवली. चुंबक पिशवीत गुंडाळायचा. बाहेर ओढला की कण आपोआप गळतात. साधा चुंबक मॅग्नेटाइट उचलतो, त्याहून ताकदवान निओडिमियमचा चुंबक इल्मेनाइट आणि गार्नेट ही कमी चुंबकी खनिजं. मागे राहतो तो बघण्यासारखा माल: झिरकॉन, कॅसिटेराइट (कथलाचं खनिज), शीलाइट (टंगस्टनचं), निसटलेलं सोनं. पाण्याच्या तुलनेत क्वार्ट्झची घनता 2.65, झिरकॉनची 4.7 च्या आसपास, कॅसिटेराइटची 7, सोन्याची 19.3, परात हलवताना हाच क्रम दिसतो. शीलाइट आखूड लहरींच्या अतिनील दिव्याखाली निळसर पांढरा उजळतो. नोटा तपासायचा दिवा घेऊन बसू नका, मी बसलो होतो. त्याच्या लहरी लांब असतात.

कॅसिटेराइटची परीक्षा मला सगळ्यात आवडते. साध्या सेलचं जस्ताचं कवच कापून बशीत ठेवायचं, त्यावर संशयित कण, वर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल. खिडकी उघडी हवी. बुडबुडे येतात, आणि काही मिनिटांत तपकिरी कणावर करडा, चकचकीत कथलाचा मुलामा चढतो. यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेसाठी तक्ते सगळेच पाठ करतात, पण हे पाहिलेला विद्यार्थी विसरत नाही.

एका सीनियरनं पूर्वी सोनं काढत त्या जागेवरच्या वाळूची पुडी दिली होती. ओली होती म्हणून घरच्या तव्यावर वाळवली. सरांना सांगितलं तर ते उखडलेच: ‘‘अशा वाळूत सोनं धरायला वापरलेला पारा असतो बे! तापवलं की वाफ थेट छातीत.’’ तेव्हापासून वाळू उन्हात वाळवतो. तो तवा आईनं भंगारातही दिला नाही, पुरून टाकायला लावला.