सोसायटीच्या ग्रुपवर वादावादी सुरू झाली की काय करायचं

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मत वेगळं असणं आणि उद्धट बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण आपण बरोब्बर उलटं करतो, म्हणजे उद्धटपणा "जाऊद्या, त्यांचा स्वभावच तसा आहे" म्हणून चालवून घेतो आणि वेगळं मत मांडणाऱ्यावर मात्र सगळे मिळून तुटून पडतो.

समजा सकाळी साडेसातला मेसेज पडला, "पाणी नाही, कमिटी झोपा काढतेय का?" यात तक्रार एकच, पाणी नाही. मग उत्तर फक्त पाण्याचं द्या, "मोटर ट्रिप झालीय काका, इलेक्ट्रिशियन आलाय, नऊपर्यंत पाणी येईल." बास. झोपा काढण्याबद्दल काही बोलायचं असेल तर संध्याकाळी फोन करून बोला, चारचौघांत नको, कारण ग्रुपवर पंचवीस जण बघत असताना कुणीही माघार घेत नाही. आणि रागात लिहिलंच तर एडिट करायला १५ मिनिटं असतात, ती वापरा.

सगळ्यात जास्त पेटतं ते भटक्या कुत्र्यांवरून. इथे खरंच ऐकून घ्यावं लागतं, खायला घालणारी ताई वेडी नाही आणि लहान मुलाला घेऊन जाताना घाबरणारी आई निर्दयी नाही. २०२३ च्या केंद्राच्या नियमांत सोसायटीने खायला घालायची जागा आणि वेळ ठरवून द्यायची असं आहे, जागा मुलांच्या खेळायच्या ठिकाणापासून, गेट-जिन्यापासून लांब हवी. म्हणजे "घालू द्यायचं की नाही" यावर दोनशे मेसेज करण्यापेक्षा "कुठे आणि किती वाजता" एवढंच विचारा, निम्मं भांडण तिथेच संपतं.

पण "भाडेकरूंनी बोलायचं नाही", "बायकांना यातलं काय कळतं", जातीवरून टोमणे, मेंटेनन्स थकलेल्याची टिंगल, हे सहन करायचं नाही म्हणजे नाही, भले बोलणारा आपला जवळचा का असेना. अ‍ॅडमिनने तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायचा, का केला ते एका ओळीत लिहायचं आणि त्यावर चर्चा वाढवायची नाही. काही अ‍ॅडमिन केसच्या भीतीने ग्रुपच बंद करून टाकतात, तसं करू नका. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की मेंबरच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी अ‍ॅडमिनला नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही, दोघांचं आधीच संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. डिलीट करायचं ते केसच्या भीतीने नाही, ज्याला बोललं गेलं त्याचा मान राखायला.

कुणाला काढायचीच वेळ आली तर आधी फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील असा नोटिशींचा वेगळा ग्रुप करा आणि त्यातून कुणालाच काढू नका, टँकर कधी येणार, लिफ्ट कधी बंद, हे त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही कळायला हवं.