ग्राहकाला सेल्स टॅक्स माफ करताना या चुका टाळा

अमेरिकेत ऑनलाइन दुकान चालवणाऱ्याला कधी ना कधी ईमेल येतोच: 'आम्हाला सेल्स टॅक्स माफ आहे, बिलातून काढून टाका.' घाईघाईत काही जण त्या वस्तूचाच टॅक्स क्लास (किती कर लावायचा ते ठरवणारा गट) शून्य करून टाकतात. मग त्या एका ग्राहकाबरोबर सगळ्यांचाच कर जातो आणि ऑडिटमध्ये तो दुकानदाराच्या गळ्यात पडतो. सूट वस्तूला नाही, ग्राहकाला द्यायची. ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरपैकी मॅजेन्टोत कस्टमर ग्रुपला वेगळा टॅक्स क्लास लावता येतो, शॉपिफायमध्ये ही सोय ग्राहकाच्या प्रोफाइलमध्येच आहे.

मोठी गफलत मात्र याच्यापुढची. प्रोफाइलवर सरसकट 'करमुक्त' अशी टिक केली, की तो ग्राहक सगळीकडेच करमुक्त होऊन बसतो. कायद्याला हे मान्य नाही. माल दुसऱ्या राज्यात पाठवला, तर साधारणपणे तो पोचतो तिथला नियम लागतो. धर्मादाय संस्था ५०१(सी)(३) चं, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था असल्याचं पत्र पाठवतात, पण ते फेडरल (केंद्र सरकारच्या) इन्कम टॅक्सपुरतं. कॅलिफोर्नियात अशा संस्थांना सेल्स टॅक्सची सरसकट माफी नाहीच. रीसेल सर्टिफिकेटला (माल पुढे विकायलाच घेतोय, म्हणून कर नको, असं सांगणारा दाखला) तर हेतूचीही अट असते: विकायला घेतलेल्या खुर्च्यांना सूट, स्वतःच्या ऑफिसात बसायला घेतलेल्या खुर्चीला नाही. म्हणून नोंद करताना राज्य, कारण आणि मुदत तिन्ही लिहा. फ्लोरिडाचं वार्षिक रीसेल सर्टिफिकेट ३१ डिसेंबरला संपतं. ते जानेवारीत कुणाच्या लक्षात राहतं?

सूट दिली तरी कर लागतोय? आधी ग्राहकाने लॉगिन केलंय का ते बघा. गेस्ट चेकआउटला, म्हणजे लॉगिन न करता खरेदी केली तर, त्याची ओळखच पटत नाही. सूट देण्याआधी भरलेली कार्ट असेल, तर ती रिकामी करून पुन्हा लॉगिन करायला सांगा. तरीही आकडा हटेना, तर कर मोजणारी बाहेरची सेवा तपासा. तिच्याकडे ग्राहकाची स्वतंत्र नोंद असते, आणि दुकानातली टिक तिच्यापर्यंत पोचलेलीच नसते. तासन्‌तास दुकानाच्या सेटिंगमध्ये डोकं खुपसून बसायचं कारण बहुधा हेच.

कर आधीच घेतला गेला असेल, तर ऑर्डर रद्द करू नका. करमाफीचं सर्टिफिकेट हातात आल्यावर तेवढ्या कराचाच परतावा द्या. आणि करमुक्त विक्री सेल्स टॅक्स रिटर्नमधून गाळू नका: ती एकूण विक्रीत दाखवून मग वजा करायची असते.