ॲरोमॅटिसिटी मोजताय? आधी बेंझिन मोजा, आणि या चुका टाळा

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचा हंगाम आला की कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्याकडे लॅपटॉप घेऊन येणाऱ्या मुलांची रीघ लागते. संगणकावर गणित करून रेणूची ॲरोमॅटिसिटी, म्हणजे वलयभर पसरलेल्या पाय इलेक्ट्रॉनांमुळे (दुहेरी बंधांतले सैल इलेक्ट्रॉन) येणारी जादा स्थिरता, त्यांना मोजायची असते. रेणू दरवर्षी नवे असतात, चुका मात्र त्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे निक्सचा (वलयाजवळच्या चुंबकीय परिणामावरून ॲरोमॅटिसिटी सांगणारा निर्देशांक) आकडा कुठल्या दिशेचा आहे हे न बघणं. श्लायर यांनी १९९६ मध्ये मांडलेली ही पद्धत दिसायला सोपी आहे. वलयाच्या मध्यावर किंवा त्याच्या १ अँगस्ट्रॉम वर एक घोस्ट अणू, म्हणजे नुसता मोजणीचा बिंदू, ठेवायचा आणि तिथलं चुंबकीय शिल्डिंग, म्हणजे बाहेरचं चुंबकीय क्षेत्र किती अडतं ते, काढायचं. निक्स जितका ऋण, तितका रेणू ॲरोमॅटिक. बेंझिनच्या वर १ अँगस्ट्रॉमला वलयाला लंब असलेला घटक, म्हणजे झेडझेड, साधारण −२९ येतो. एक हुशार मुलगा नॅप्थलीनचे आकडे घेऊन आला होता. झेडझेड शून्याच्या आसपास, आणि निष्कर्षात लिहिलेलं, "ॲरोमॅटिक गुण जवळपास नाही."

मी विचारलं, "बेंझिन चालवलंस काय?"

"बेंझिनचं सगळ्यांना माहीतच आहे की, सर."

त्याला तिथंच बसवून चालवायला लावलं. बेंझिनही शून्याजवळ आलं! रेणू एक्सवाय प्रतलात आडवा असायला हवा होता, तो उभा होता. त्यामुळे मुलगा वाचत होता तो झेडझेड घटक वलयाच्या प्रतलातलाच होता, आणि त्या दिशेला बेंझिनमध्येही फारसं काही नसतं. सॉफ्टवेअर सिमेट्रीनुसार रेणू स्वतःच्या सोयीनं फिरवतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळा तक्ता नव्यानं करावा लागला.

गुजरीतला सराफ सोनं तोलण्याआधी काटा शून्यावर आहे का बघतो, तसं बेंझिन आधी. तीच पद्धत, तोच बेसिस सेट (इलेक्ट्रॉनांचं वर्णन करायला घेतलेला फलनांचा संच). मी इनपुटमध्ये नोसिम (सिमेट्रीनुसार रेणू फिरवू नको असं सांगणारा शब्द) घालतो आणि सगळ्या कार्बनांचा झेड शून्य आहे ना हे डोळ्यांनी बघतो. कोरॅन्युलीनसारख्या वाडग्यासारख्या वाकलेल्या रेणूत प्रत्येक वलयाची लंब दिशा वेगळी असते. तिथं एकच झेड सगळीकडे लावू नका.

चिन्हाची चूक: आउटपुटमध्ये शिल्डिंग असतं, निक्स म्हणजे त्याचं उलट चिन्ह. हे विसरलात तर बेंझिन अँटिॲरोमॅटिक, म्हणजे ॲरोमॅटिकच्या उलट, अस्थिर ठरेल.

वलयाच्या अगदी मध्यावरचा एकटा आकडा घेऊन निष्कर्ष काढू नका, तिथं सिग्मा बंधांची (अणूंमधले साधे एकेरी बंध) भेसळ असते. सायक्लोप्रोपेनमध्ये पाय इलेक्ट्रॉन एकही नाही, तरी मध्यावर −४० च्याही खाली आकडा येतो.

आता होमा. बंधांच्या लांब्या १.३८८ अँगस्ट्रॉम या आदर्श लांबीपासून किती ढळतात ते हा निर्देशांक मोजतो; १ म्हणजे पूर्ण ॲरोमॅटिक. बेंझिनचा १.३९७ घातला की ०.९८ मिळतो. इथं घाई करणारे काय करतात? रेणू काढला, ऑप्टिमाइझ न करताच, म्हणजे गणितानं रेणूचा खरा आकार न काढताच, लांब्या उचलल्या. चित्राच्या सॉफ्टवेअरनं सगळे बंध १.४० चे दिले असतील तर होमा ०.९६ येणारच, रेणू कुठलाही असो. ही रेणूची मोजणी नव्हेच, आणि असा तक्ता मी पुढं वाचत नाही.

कार्बनच्या नुसत्या वलयांवर, म्हणजे अठरा कार्बनांच्या सायक्लो-१८-कार्बनवर, सध्या मुलांचा फार जीव आहे. मलाही तो रेणू फार आवडतो. २०१९ मध्ये आयबीएम झुरिक आणि ऑक्सफर्डच्या गटांनी तो मिठाच्या पातळ थरावर बनवून दाखवला, आणि बंध एकाआड एक लांब-आखूड दिसले. बी-थ्री-लिप या नेहमीच्या गणिती पद्धतीनं गणित केलंत तर मात्र सगळे बंध सारखे येतात. लगेच कुणीतरी लिहितं, "संपूर्ण ॲरोमॅटिक." हार्ट्री-फॉक एक्स्चेंजचा (इलेक्ट्रॉनांमधल्या परस्परक्रियेचा एक भाग) वाटा जास्त असलेली पद्धत, उदाहरणार्थ एम-झिरो-सिक्स-टू-एक्स, घेतली की फरक दिसतो. शिवाय होमाचा १.३८८ हा बेंझिनसारख्या कार्बनसाठी आहे. इथले बंध बरेच आखूड, सगळे १.२८ चे धरले तरी होमा −२ च्या आसपास जातो. त्या आकड्याला इथं अर्थ नाही, तक्त्यातून काढून टाका.

ह्युकेलचा ४एन+२ नियम (पाय इलेक्ट्रॉन २, ६, १०, १४... असतील तर वलय ॲरोमॅटिक) एकट्या वलयाचा आहे, जोडलेल्या वलयांना तो लावू नका. चार जोडलेल्या वलयांच्या पायरीनमध्ये १६ पाय इलेक्ट्रॉन आहेत, तरी ते ॲरोमॅटिक आहे.

आठ कार्बनांच्या वलयाचं सायक्लोऑक्टाटेट्राईन सपाट काढू नका, ते टबसारखं वाकलेलं असतं.

आणि आकड्याशेजारी पद्धत, बेसिस सेट आणि घोस्ट अणूची उंची लिहा. नुसतं "निक्स −१०" लिहिलेला तक्ता माझ्याकडे आला की मी तो तसाच परत देतो.