आधी साबा, मग शिराको

मी मालवणची, संसार टोकियोच्या निशी-कासाईत. इथे भारतीय वस्ती मोठी, हिंगापासून तूरडाळीपर्यंत सगळं हाताशी. म्हणून नव्याने आलेली मंडळी घरचंच जेवत राहतात आणि देशातून कोणी पाहुणे आले की त्यांना थेट सुशी खायला नेतात. माझा सल्ला उलटा आहे. सुशी राहू दे. ऑफिसजवळचं एखादं साधं तेइशोकुचं दुकान गाठा.

तेइशोकु म्हणजे ताट: भात, मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं) सूप, लोणचं, एखादी वाटी भाजी आणि एक मुख्य पदार्थ. दुपारी हजार येनच्या आसपास होतं. दाराशी तिकिटाचं यंत्र असेल तर गडबडू नका. आधी पैसे टाका, मग बटण दाबा. वाचता येत नसेल तर डावीकडचं सगळ्यात वरचं बटण दाबा, बहुतेक ठिकाणी दुकानाचा खास पदार्थ तिथेच असतो. तिकीट काउंटरवर ठेवायचं, की झालं. टिप द्यायची नाही, ठेवलीत तर विसरले समजून मागून धावत येतील.

कोकणातल्या माणसाने पहिल्यांदा साबा-शिओयाकी मागवावी. साबा बांगड्याच्या कुळातला, नुसतं मीठ लावून भाजलेला. बाजूला किसलेल्या मुळ्याचा छोटा ढीग येतो. सोया सॉस त्या मुळ्यावर थेंबभर घाला, माशावर ओतू नका. पुढच्या वेळी सावारा घ्या. हा सुरमईचा भाऊबंद, क्योतोच्या गोडसर पांढऱ्या मिसोत मुरवून भाजलेला असतो. आपण हळद-तिखट लावून जे झाकतो ते इथे उघडं दिसतं, मासा ताजा आहे की नाही ते पहिल्या घासाला कळतं. भात संपला तर ‘ओकावारी’ म्हणा, बऱ्याच दुकानांत दुसरा वाडगा फुकट मिळतो. चॉपस्टिक्स भातात उभ्या रोवू नका, मृताला वाढलेल्या भातात त्या तशा रोवतात. एकाच्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये घासही देऊ नका, दहनानंतर अस्थी तशा उचलतात.

संध्याकाळी डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या खाण्याच्या बाजारात उतरा. शाळा म्हणून याहून चांगली जागा नाही. सगळं काचेमागे मांडलेलं असतं, शंभर ग्रॅमही घेता येतं, आणि बंद व्हायच्या सुमाराला निम्म्या किमतीची लेबलं चिकटवायला लागतात. तिथे आपले नातेवाईक शोधा. सातोइमो म्हणजे अळकुड्या, सोया-साखरेत शिजवलेल्या. अळूची वाळवलेली देठंसुद्धा इथे खातात. कोन्न्याकू नावाची करडी, थलथलीत वडी सुरणाच्या कुळातल्या कंदाची असते. तो कंदही कच्चा खाजरा, म्हणून त्याचं पीठ चुन्याच्या पाण्याने घट्ट करतात. चव जवळजवळ नाहीच. थंडीत ओदेनच्या रश्शात उकळलेली आणि मोहरी लावलेली खाल्लीत तर तिचा उपयोग कळतो. कारल्याची ओकिनावातली भाजी, गोया चांपुरू, अंडं-टोफू घालून परततात. तिला आमच्या घरी पाहुण्यांची तक्रार आजवर आलेली नाही.

आणि सानशो. ही तिरफळाची सख्खी चुलत बहीण, जिभेला तशाच मुंग्या आणते. उनागीवर, म्हणजे भाजलेल्या वामेसारख्या माशावर, तिची पूड भुरभुरवतात. पण मालवणी माणसाने घ्यावं ते चिरीमेन-सानशो: तारल्यांची वाळवलेली बारीक पिल्लं आणि हिरवी सानशोची फळं, एकत्र शिजवून कोरडी केलेली. गरम भातावर दोन चिमटी. घरापासून इतक्या लांब सुकटीत तिरफळ सापडेल असं कोणाला वाटलं होतं!

शाकाहाऱ्यांनी सावध राहावं. माझा पुणेकर नवरा त्यातला. इथे मूळ अडचण दाशीची, म्हणजे माशाच्या अर्काची. कात्सुओ हा कुप्याच्या जातीतला मासा सुकवून किसतात, त्याचं पाणी भाजीत, सूपमध्ये, अंड्यातही असतं. ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन’ (मांस-मासे खात नाही) एवढ्यावर थांबू नका, ‘दाशी मो दामे देस’ (दाशीही चालत नाही) हेही जोडा. नाहीतर शिंजुकूहून तासाभरावर ताकाओ डोंगरावरच्या याकुओ-इन मंदिरात आधी नोंदवून शोजिन, म्हणजे बौद्ध मठातलं शाकाहारी, जेवण घ्या. त्यात कांदा-लसूणही नाही, चातुर्मास पाळणाऱ्या सासूबाईही निर्धास्त जेवतात.

नात्तोबद्दल सगळे विचारतात. आंबवलेलं सोयाबीन, वास उग्र, तार सुटते. आपण भेंडीचा चिकटपणा घालवायला आमसूल टाकतो, हे लोक तो मुद्दाम वाढवतात. आधी दुकानातला नात्तो-माकी, म्हणजे नात्तो घातलेली भाताची गुंडाळी, घ्या, बाहेरच्या नोरीत (समुद्री शेवाळाच्या पापडीत) वास दबतो. जमलं तर फोमची डबी आणा, सॉस घालायच्या आधी खूप ढवळा, मग मोहरी, पातीचा कांदा, गरम भात. तरी नाही आवडला तर सोडून द्या, खुद्द ओसाकाच्या बाजूचे कित्येक लोक नाक मुरडतात.

इझाकायात, म्हणजे दारूसोबत खाणं मिळणाऱ्या साध्या दुकानात, न मागता एक वाटी समोर येते, तिचे माणशी तीनशे ते पाचशे येन बिलात लागतात. फसवणूक नाही, बसण्याचा आकार समजा. विचित्र पदार्थ खायची जागा हीच, कारण वाट्या लहान असतात. हिवाळ्यात शिराको मागवा: नर कॉड माशाच्या वीर्याच्या पिशव्या, पांढऱ्या, मऊ, पोन्झूत म्हणजे आंबट सोया सॉसमध्ये बुडवलेल्या. गाबोळी आवडीने खाणाऱ्याने इथे अडखळण्याचं कारण नाही. फुगू या विषारी माशाला परवानाधारक आचारी लागतो, पैसे भरपूर जातात आणि चव फिकी. मला त्याचं कौतुक नाही.

प्रांतोप्रांतीच्या चिजा हव्या असतील तर टोकियोतल्याच यूराकुचोच्या कोत्सू काइकान इमारतीत वेगवेगळ्या प्रांतांची दुकानं आहेत. अशा दुकानांत लहान पाकिटं शोधा. नागानोचे सोया-साखरेतले नाकतोडे कुरकुरीत, आधी पाय काढून खा. शिगाचं फुनाझुशी, म्हणजे भातात महिनोन्महिने आंबवलेला गोड्या पाण्यातला मासा, पातळ कापातच खावा, जाड कापला तर आंबटपणाने जीव जातो.

इझू बेटांचा कुसाया सगळ्यात शेवटी. मासा खाऱ्या पाण्यात बुडवून वाळवतात आणि तेच पाणी पिढ्यान्पिढ्या वापरतात. सुक्या बोंबलावरून शेजाऱ्यांशी भांडलेल्यांनीसुद्धा तो फ्लॅटमध्ये भाजू नये. आधीच भाजून बाटलीत भरलेला मिळतो, तो आणा. बाल्कनीत उघडा, आणि दोरीवरचे कपडे त्याआधी आत घ्या.