आल्स्ट्रोमेरिया हिवाळ्यात का दगावते? या चुका टाळा

इंग्लंडमधल्या मराठी घरांतून दर एप्रिलमध्ये मला एकच प्रश्न येतो : "आल्स्ट्रोमेरिया (पेरूची लिली म्हणून ओळखले जाणारे फुलझाड) थंडीने गेली, आता दुसरी कोणती जात लावू?" लेस्टरच्या चिकणमातीत इतकी वर्षे हे झाड लावल्यावर, गमावल्यावर आणि पुन्हा लावल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, यांतली बहुतेक रोपे निव्वळ थंडीने मेलेली नसतात. काही साचलेल्या पाण्यात कुजतात, काही उथळ लावल्यामुळे गोठतात, आणि काही तर जिवंत असतानाच अधीर हातांनी उकरली जातात.

पहिली चूक लेबल वाचण्याची आहे. बागेत मिळणाऱ्या बऱ्याच जातींवर एच4 ही रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची श्रेणी छापलेली असते. तिचा अर्थ उणे 5 ते उणे 10 अंशांपर्यंत तग धरणारे झाड असा आहे, परंतु तो जमिनीत रुजलेल्या, उत्तम निचऱ्याच्या जागी असलेल्या झाडाबाबतचा आहे. मे महिन्यात विकत आणलेल्या आणि अजून मुळेही न पसरलेल्या रोपाला तो लागू करणे चुकीचे आहे.

निचऱ्याच्या चुकीविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ती मी स्वतः केली आहे. डिसेंबर 2010 हा ब्रिटनमधला शंभर वर्षांतला सर्वांत थंड डिसेंबर ठरला. आमच्या शेजारच्या आजोबांच्या बागेत दक्षिणेकडे तोंड केलेल्या भिंतीलगत, किंचित उतारावर, आल्स्ट्रोमेरियाच्या लिग्टू संकरित जातीचे जुने बेट होते. ते बर्फाखाली पूर्ण दिसेनासे झाले आणि पुढच्या जूनमध्ये नेहमीसारखे फुलले. ते पाहून मी 2013 च्या वसंतात चार रोपे आणली. आमची माती जड असल्यामुळे प्रत्येक रोपासाठी फूटभर खोल खड्डा घेतला, त्यात बारीक खडी आणि कंपोस्ट भरले, आणि निचऱ्याची सोय झाली असे समजून निश्चिंत झालो. त्यानंतरचा 2013-14 चा हिवाळा सौम्य होता, फ्रॉस्ट (दव गोठवणारी थंडी) मोजकेच पडले. पण इंग्लंड-वेल्सच्या 1766 पासूनच्या नोंदींत इतक्या पावसाचा हिवाळा झाला नव्हता. मे उजाडला तरी कोंब दिसेना, म्हणून एक खड्डा उघडला, तर तळाच्या खडीत चार बोटे पाणी उभे होते. या झाडाची अन्न साठवणारी मुळे शतावरीच्या मुळांसारखी, पांढरी, रसरशीत आणि झुपक्याने असतात. माझ्या हातात आली ती तपकिरी, बुळबुळीत साले. बोटांत दाबली की आतला लगदा बाहेर येई आणि सडलेल्या बटाट्याचा वास सुटे. चारही रोपे गेली होती.

चिकणमातीतला खडीचा खड्डा म्हणजे विहीरच असते, कारण आजूबाजूचे सारे पाणी झिरपत तिथेच जमा होते. मध्य चिलीत, जिथून लिग्टूसारख्या जाती आल्या, तिथे पाऊस हिवाळ्यातच पडतो; मात्र डोंगरउतारावरच्या दगडगोट्यांतून ते पाणी थांबत नाही. म्हणून आता मी खड्डा भरण्याऐवजी वाफाच वीतभर उंच करतो, संपूर्ण वाफ्यात खडी आणि पानांचे खत मिसळतो, आणि लागवडीपूर्वी बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात जिरते ते पाहतो. तासाभरानंतरही पाणी दिसत असेल तर ती जागा मी सोडून देतो. हे कष्टाचे काम आहे, आणि माझ्या अनुभवात त्याला पर्याय सापडलेला नाही.

आणखी एक मोठी चूक लागवडीच्या वेळेची आणि खोलीची आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हंगामअखेरची रोपे अर्ध्या किमतीत मिळतात, आणि नवशिक्यांना तो मोह आवरत नाही. हे झाड दर वर्षी आपली मुळे अधिक खोल नेत असते व ती खोलीच त्याचे थंडीपासून रक्षण करते. शरदात लावलेल्या रोपाला त्यासाठी उन्हाळाच मिळत नाही. एप्रिल ते जून या काळातच लावावे. सुटी मुळे असतील तर ती 15 ते 20 सेंटिमीटर खोल ठेवावीत आणि हळुवार हाताळावीत, कारण ती कमालीची ठिसूळ असतात. स्वस्तात रोप मिळालेच असेल तर ते कुंडीतच, थंड पण न गोठणाऱ्या जागी, वसंतापर्यंत सांभाळावे.

आच्छादनाबाबत लोक घाई तरी करतात किंवा अतिरेक तरी. पहिले दोन-तीन हिवाळे 15 सेंटिमीटर जाडीचा कोरडा पालापाचोळा किंवा झाडाच्या सालीचा भुसा पुरेसा असतो. मी तो नोव्हेंबरमध्ये, वरची पाने फ्रॉस्टने झोपल्यावर घालतो आणि मार्चअखेरीस हलक्या हाताने दूर करतो. त्यावर प्लास्टिक मुळीच टाकू नये. त्याखाली ओल कोंडते आणि आपणच कुजण्याची सोय करून देतो.

कुंडीतले झाड चारही बाजूंनी गोठते, त्यामुळे इंटिकांचासारख्या बुटक्या जाती मी गॅरेजमध्ये ठेवतो आणि महिन्यातून एकदाच, माती धूळ होऊ नये इतके पाणी देतो. आपल्याकडे तुळस हिवाळ्यात घरात, हीटरजवळ घेण्याची सवय आहे आणि तिच्यासाठी ते योग्यच आहे. आल्स्ट्रोमेरियाला मात्र ती ऊब मानवत नाही. कोंब लांबट, फिकट होतात आणि त्यांवर मावा पडतो.

शरदात नत्रयुक्त खत देऊ नये. पहिल्या वर्षी फुले ओढून काढू नयेत, कात्रीने कापावीत, कारण देठाबरोबर मूळही हलते. वसंतात बिनशंखी गोगलगायींवर लक्ष ठेवावे. एका रात्रीत त्या सारे कोंब फस्त करतात आणि दोष थंडीला लागतो.

सर्वांत जास्त वाईट वाटते ते उकरून मारलेल्या झाडांचे. आजच्या अनेक संकरित जातींत चिलीच्या आणि ब्राझीलच्या जातींचे रक्त असल्यामुळे त्या सौम्य हिवाळ्यात पूर्ण झोपत नाहीत. फेब्रुवारीतच कोंब वर येतात आणि पुढच्या फ्रॉस्टने काळे पडतात. ते काळे कोंब म्हणजे झाडाचा मृत्यू नव्हे. डिसेंबर 2022 मधल्या कडाक्यानंतर ओळखीच्या एका वहिनींनी मार्चअखेरीस फोन करून सांगितले, "भावजी, सगळं गेलं, मी वाफा खणायला घेतलाय." मी पोहोचेपर्यंत अर्धा वाफा उलटला होता. गार्डन फोर्कच्या दात्यांनी मोडलेल्या कंदांवर करंगळीएवढे पांढरे, टोकाशी गुलाबी झाक असलेले कोंब होते. आणखी काही आठवड्यांत ते आपोआप वर आले असते. आम्ही मोडलेले तुकडे तसेच पुन्हा खोल पुरले. न खणलेल्या अर्ध्या भागात मेच्या मध्यावर कोंब आले आणि जुलैमध्ये फुले लागली. पुरलेल्या तुकड्यांपैकी तीन जगले, पण त्यांना फूल यायला 2024 चा उन्हाळा उजाडावा लागला.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक बेटाशेजारी एक पाटी रोवलेली असते आणि तिच्यावर "31 मेपर्यंत खणू नये" एवढेच लिहिलेले असते.