बोटीच्या इंजिनासाठी ऑइल फिल्टर निवडताना

गोसीखुर्द किंवा इटियाडोहच्या जलाशयात धावणाऱ्या बोटीचे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागच्या बाजूला बाहेरून बसवलेले) इंजिन पूर्ण वेगात मिनिटाला 5,000 ते 6,000 फेरे घेते, त्यामुळे तालुक्याच्या दुकानात केवळ ‘आटे जुळतात’ म्हणून हाती दिलेला गाडीचा फिल्टर त्याला बसवू नये. आटे जुळले तरी आतला बायपास व्हॉल्व्ह (फिल्टर तुंबला तर तेलाला न गाळता वाट करून देणारी झडप) किती दाबाला उघडतो हे वेगळे असू शकते, आणि तो लवकर उघडला तर तेल न गाळताच बेअरिंगपर्यंत पोहोचते. म्हणून इंजिनाच्या पुस्तिकेतील पार्ट नंबर कागदावर लिहूनच दुकानात जावे.

फिल्टर हातात आल्यावर त्याच्या तोंडाकडची बारीक छिद्रे पाहावीत. त्यांच्यामागे रबरी पडदा असतो, जो इंजिन बंद असताना फिल्टरमधले तेल परत उतरू देत नाही. साधे रबर उष्णतेने हळूहळू कडक होते. सिलिकॉनचा पडदा मिळत असेल तर चार पैसे जास्त मोजून तोच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

बसवण्यापूर्वी जुनी रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिलेली नाही ना, हे बोटाने चाचपावे, कारण दोन रिंगा एकावर एक आल्या की दाबाने तेल बाहेर उडते. नव्या रिंगेला तेलाचे बोट लावून फिल्टर हातानेच आवळावा.

जुना फिल्टर लगेच फेकू नये. तो कापून कागदाच्या घड्या उन्हात पसराव्यात. त्यांत धातूचा चमकता कीस दिसला, तर बोट पाण्यात उतरवण्याआधी मेकॅनिकला दाखवावी.