नाव तेच, गाव चुकलं होतं

वंशावळ शोधताना पणजोबांच्या मागे दोन वर्षं गाडी अडली होती. नाशिकला यात्रेकरूंच्या कुळांची नोंद ठेवणाऱ्या गुरुजींच्या वहीत आमचं नावच निघेना. शेवटी त्यांनीच विचारलं, "मूळ गाव कुठलं तुमचं?" मी आपला पुणं सांगत बसलो होतो! अशा गुरुजींच्या, म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या, वह्या मूळ गावावरून लागतात, हे मला कुठे ठाऊक? आत्याला फोन लावला. "अरे, आपण संगमेश्वरकडचे ना!" मग शेजारच्या वाड्यातल्या गुरुजींकडे बाड मिळालं: मोडीत पणजोबांची सही, खाली भावांची नावं, शके १८१८. ७८ मिळवले, म्हणजे इसवी सन १८९६. आडनाव मात्र 'खोत' लिहिलेलं, खोतीवरून, म्हणजे कोकणातल्या गावचा सारा वसूल करायच्या हक्कावरून असावं. आता कुणी वंशावळीसाठी मदत मागितली की मी आधी मूळ गाव विचारतो, आडनाव मागाहून.